अंगठे बाहेर ठेव

विहंग आमच्या कॉम्प्युटर क्लबचा कॅप्टन. पुण्यातल्या आंतरशालेय सिम रेसिंगला, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गाड्यांच्या शर्यतीला, आमच्या शाळेतून एकच जण जाणार होता. यादीतून माझं नाव खोडताना तो म्हणाला, "इरावती, तुझ्याकडे स्टिअरिंग तरी आहे का? का पोळपाट फिरवणारेस?"

सगळे हसले. मीही हसले. पण मनात ठरवलं, ह्याचीच जागा घ्यायची, तीही ह्याच्या डोळ्यांदेखत.

लोणावळ्याच्या एका रिसॉर्टने भंगारात काढलेला हॉवरबोर्ड अतुलमामाने आणून दिला. पर्यटकांच्या पोरांनी त्याची पार वाट लावली होती, पण एका चाकातली मोटर शाबूत होती. मामा तळेगावच्या एमआयडीसीत लेथवर असतो. मोटरला स्टिअरिंग बसवायला त्याने लोखंडी चकती कातून दिली. मध्ये पट्टा नाही, गिअर नाही, म्हणून ह्याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. खेळातली गाडी आदळली की हिसका सरळ मनगटात.

पहिल्यांदा चालू केलं तर अख्खं टेबलच कलंडलं.

"मालकिणीवर गेलंय," मामा म्हणाला. "ऐकतच नाही."

मग ते शाळेच्या जुन्या लोखंडी बाकाला बोल्टने आवळलं. दुसऱ्या दिवशी माझी गाडी भिंतीवर गेली, स्टिअरिंग गर्रकन फिरलं आणि त्याच्या दांड्यात अडकलेल्या माझ्या अंगठ्याचा आठ दिवस टोमॅटो झाला. तेव्हापासून अंगठे बाहेर. धडक दिसली की हात सोडायचे.

महिनाभर घासून सराव केला आणि बाक लॅबमध्ये नेला. क्लब बघणाऱ्या शुभदा मॅडमनी दोघांची वेळ लावली. विहंग, त्याच्या विकतच्या स्टिअरिंगवर: एक मिनिट पन्नास सेकंद. मी: एक अठ्ठेचाळीस.

"ही कमाल त्या भंगाराची आहे," विहंग म्हणाला. "मी त्यावर पंचेचाळीस मारीन."

"बस की."

तो बसला. दोन्ही अंगठे आत खुपसून.

"अंगठे बाहेर ठेव," मी म्हणाले. मॅडमना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"आता तू मला शिकवणार?"

खरं सांगते, मी सांगितलेली गोष्ट विहंगने आजवर एकदाही केलेली नाही. म्हणून तर सांगितली. मोटरचा जोर कमी करणं माझ्या हातात होतं. तोही नाही केला.

तिसऱ्या वळणावर त्याची गाडी भिंतीला लागली. स्टिअरिंग फिरलं, आणि विहंग उजवा हात काखेत दाबून बाकावरून खाली उतरला.

मॅडमनी कॅन्टीनमधून बर्फ आणवला, अंगठा हलवून बघितला. मोडला नव्हता, चांगला मुरगळला होता.

"तिने सांगितलं होतं ना रे तुला?" मॅडम म्हणाल्या. आहाहा. एका वाक्यात महिन्याचा शीण गेला.

त्यांनी फॉर्मवर माझं नाव लिहिलं. खाली कॅप्टनची सही लागते.

"उद्या करतो," विहंग म्हणाला.

"मुदत आज संपते," मी म्हणाले.

"हात दुखतोय, दिसत नाही का?"

"डाव्याने कर," मी टोपण काढून पेन दिलं. "सावकाश कर. मी थांबते."