वारा असला की

किल्ली कुलपाभोवती नुसती खरडत होती, आत जात नव्हती. तो आवाज सासूबाईंना माझ्याआधी ऐकू आला. त्या जमिनीवर बसून माझ्या लेकीला ठोकळे रचून देत होत्या. मी हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत त्यांनी तिला उचलून कडेवर घेतलंही होतं.

मी दार उघडलं. दारात माझा नवरा उभा. डोक्यावर हेल्मेट, हातात किल्ली, आणि हात असा की जणू कुणी दुसऱ्यानेच तो धरायला दिलाय.

"बेल नाही का वाजवायची?"

"शापली नाई," तो म्हणाला.

सापडली नाही, असं त्याला म्हणायचं होतं. आत येताना त्याचा खांदा चौकटीवर आपटला. बूट काढायला स्टुलावर बसायला गेला आणि स्टुलाच्या शेजारी बसला. एरवी मी हसले असते. सासूबाई हसल्या नाहीत. त्या लेकीला घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी कडी लावली.

ती कडी त्यांच्या हाताला पाठ होती. सासऱ्यांना मी फक्त फोटोत पाहिलंय, पण ऐकलंय भरपूर. ते पीत. रोज पीत. किल्लीचा आवाज ऐकायचा, पोरांना उचलायचं, आत जायचं, कडी लावायची, हे सासूबाईंनी संसारात जितकं केलं तितकं दुसरं काही केलं नसेल. आणि त्या खोलीत आईच्या कुशीत बसलेला मुलगा म्हणजे हा, माझा नवरा. थेंबाला शिवणार नाही असं त्याने लग्नाआधीच मला सांगितलं होतं. मी न विचारता.

मी वाकून त्याच्या हेल्मेटचा पट्टा सोडवला. बोटं वळत नव्हती त्याची. पट्टा सोडवता सोडवता मी नाक त्याच्या तोंडाजवळ नेलं. उगाच नव्हे, मुद्दाम. पेट्रोल, ओली लोकर, आणि लवंग.

त्याने ते पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी पाहिलं.

"थंडी आहे गं," तो म्हणाला. "खूप थंडी."



त्याचं काम तसं सोपं सांगता येतं. गावोगावच्या छोट्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे, पेटीत ठेवायचे आणि मोटारसायकलवरून शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये आणून द्यायचे. अंधार असताना निघायचं, अंधार पडला की यायचं. लॅब त्याला चारचाकी देणार आहे, थंडी संपली की. पेटीला आतून जाड अस्तर आहे, तिच्यात तापमान दाखवणारा काटा आहे. नमुने उन्हाळ्यात तापून चालत नाहीत आणि हिवाळ्यात गोठूनही चालत नाहीत. आणणारा गोठला तर चालतो, असं मी एकदा म्हणाले होते, तेव्हा तो खूप हसला होता. यंदा हसण्यासारखी थंडी नव्हती. बादलीतल्या पाण्यावर सकाळी पापुद्रा धरत होता. गच्चीवर वाळत घातलेले कपडे पुठ्ठ्यासारखे ताठ होऊन खाली यायचे.

त्या संध्याकाळी जेवताना सासूबाई त्याच्याशी चकार शब्द बोलल्या नाहीत. भांडी घासताना माझ्याशी बोलल्या.

"लवंग होती ना तोंडात?"

"खोकला आहे त्याला, आई."

"ह्यांनाही असायचा. बारा महिने."

"तो थंडीने काकडला होता हो. हात बघा ना कसे झालेत."

"मी काही म्हणतेय का?" त्यांनी ताट पालथं घातलं. "पहिल्या दिवशी मीही हेच म्हणाले होते माझ्या सासूला. दमलेत म्हणून."

मी एका छापखान्यात मुद्रितं तपासते. दुसऱ्याच्या चुका शोधायचा पगार मिळतो मला, आणि ती सवय काही संध्याकाळी ऑफिसात ठेवून येता येत नाही. लेकीच्या अंगावरचा एकेक पुरळ, गॅसची शेगडी, खिडकीची फट, सगळीकडे माझा डोळा. आता तो डोळा नवऱ्यावर बसला. शब्द नीट येतायत का? चाल सरळ आहे का? खिशात काय आहे? मला स्वतःचीच लाज वाटे, आणि तरीही मी त्याचं जाकीट झटकायच्या निमित्ताने खिसे चाचपे. लवंगा, पंक्चरवाल्याचं कार्ड, छापखान्यातली रद्दी. ती रद्दी मीच आणून दिलेली. चुकलेल्या छपाईचे कागद तो स्वेटरच्या आत छातीवर पसरत असे, वारा अडायला. "तुझ्या चुका छातीला कवटाळून फिरतो," असं म्हणायचा. आता म्हणत नव्हता.

त्यानंतर दोनदा तसंच झालं. मधले दिवस मात्र ठीक. तेच तर सासूबाईंना पक्कं पटवणारं ठरलं. "थंडी रोज आहे," त्या म्हणाल्या. "मग हा रोज का नाही बरळत?"



मी फोनवर शोधून त्यांना वाचून दाखवलं. फार गारठलं की जीभ जड होते, पाय लटपटतात, माणूस पेंगतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं, ह्यांची साखर कमी होते म्हणून पडतात. साखरेचं पाणी करून पाजायचे मी." मग लेकीच्या टोपीची गाठ सोडत म्हणाल्या, "मी माझ्या ताईकडे जाते. रविवारी. तुझी पोर आहे, तू सांभाळायला समर्थ आहेस. मला त्या आवाजात परत राहायचं नाही."

त्या गेल्या तर माझी नोकरी गेली. पण खरं सांगायचं तर मी घाबरले ती नोकरीसाठी नव्हे. जी बाई आयुष्यभर त्या घरातून हलली नाही, ती आता हलायला निघाली होती. म्हणजे तिला खात्री होती. आणि पिणारा माणूस तिच्याइतका ओळखणारं घरात दुसरं कोण होतं?

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे. ज्याला जे वाटायचं ते वाटू दे."

"तू आईंना समजाव ना."

"काय समजावू? पीत नाही म्हणून सांगू? पिणारेच सांगतात ते."

शनिवारी माझी सुट्टी होती. "मी येते तुझ्याबरोबर," मी म्हणाले.

"कुठे?"

"फेरीला. मागे बसते."

"वेड लागलंय का? लॅबने पाहिलं तर?"

"सांग, पेटी धरायला बाई ठेवलीय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी का येतेय ते त्याला समजलं होतं. मला वाटलं, तो चिडेल. तो म्हणाला, "दोन मोजे घाल. आणि कानाला रुमाल."

पेटी मागच्या कॅरियरला बांधलेली, तिच्या आणि त्याच्या मध्ये मी. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत मला वाटलं, एवढं काही नाही. मोठ्या रस्त्याला लागलो आणि वाऱ्याने मला शोधून काढलं. तो बाहीतून शिरला, कोपरापर्यंत गेला, पाठीवरून खाली उतरला. गुडघे आधी दुखले, मग दुखायचे थांबले, आणि ते थांबणं जास्त वाईट होतं. शेतांवरचं गवत पांढरं पडलेलं. समोरून ट्रक गेला की गार हवेची थप्पड बसे आणि गाडी हातभर सरके. नवरा हेल्मेटच्या काचेची फट उघडी ठेवून चालवत होता. बंद केली की श्वासाने काच धुरकट व्हायची आणि उघडली की डोळे वाहायचे. मी त्याच्या पाठीला गाल लावला. जाकिटाखाली माझे कागद करकरत होते.

पहिल्या दवाखान्यात तो उतरला तेव्हा लाकडी बाहुल्यासारखा चालला. सिस्टर म्हणाली, "आज जोडीनं? फिरायला हीच हवा मिळाली का?" तिने नळ्या दिल्या, त्याने एकेक नाव चिठ्ठीशी पडताळून घेतलं. बोटं वळत नाहीत म्हणून तो नळी दोन्ही तळव्यांत धरत होता, लहान मूल पेला धरतं तशी.

दुपारी एका टपरीवर आम्ही चहा घेतला. त्याने हातमोजे काढून तळवे इंजिनाच्या बाजूला धरले. मीही धरले.

"तू वास घेतलास माझा," तो म्हणाला. गाडीकडे बघत.

"हो."

"मग?"

"लवंगेचा आला."

"बाबा वेलची खायचे." त्याने तळवे उलटे करून इंजिनाला धरले. "लवंग नाही. आईला विचार. ती विसरली असेल, मी नाही विसरलो."

"मला माहीत होतं तू पीत नाहीस."

"माहीत होतं तर मागे कशाला बसलीस?"

मी चहाच्या पेल्यात बघितलं. चहा पिऊन होईस्तोवर गार झाला होता. त्यानेही उत्तराची वाट पाहिली नाही. "चल," म्हणाला. "वारा सुटायच्या आत धरणाचा रस्ता काढू."

वारा आधीच सुटला होता. धरणाच्या भिंतीलगतच्या रस्त्यावर अडवायला झाड नाही, घर नाही, आणि पाण्यावरून येणारा वारा थेट कुशीत घुसत होता. गाडी तिरकी धरून चालवावी लागत होती. मला झोप येऊ लागली. इतकी गोड झोप की मूल झाल्यापासून तशी मला आली नव्हती. मी त्याला "हळू" म्हणायला गेले तर तोंडातून "हऊ" आलं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर होतात तसे गाल झाले होते. मी परत म्हणून पाहिलं. हऊ. मग मला एकदम भीती वाटली. मी चालवत नव्हते. तो चालवत होता. माझ्यापुढे बसून, सगळा वारा स्वतःच्या छातीवर घेऊन. रोज.

मी त्याच्या पोटाला चिमटे काढत राहिले, घर येईपर्यंत. त्यानेही मधे मधे माझ्या गुडघ्यावर थापटलं. जागी आहेस ना, एवढंच.

लॅबमध्ये पेटी देऊन घरी आलो. किल्ली माझ्याकडे होती. ती मी कुलपाला लावली आणि ती खाली पडली. उचलायला वाकले तर गुडघ्यांनी नकार दिला. मी भिंतीला धरून उभी राहिले. आतून पावलं आली, दार उघडलं. सासूबाई, कडेवर माझी लेक. कोपऱ्यात त्यांची पिशवी भरून ठेवलेली.

"आई," मी म्हणाले, "हाथ... वअत नाई."

सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग मागे उभ्या असलेल्या मुलाकडे. मग परत माझ्याकडे. लेकीला त्यांनी हळूच खाली ठेवलं, माझी हनुवटी धरली आणि अगदी उघडउघड, लपवाछपवी न करता, माझ्या तोंडाचा वास घेतला.

"काय झालंय तुला?"

"थं... थंई."

"थंई!" लेक टाळ्या वाजवत म्हणाली. तिला बोलायला नुकतंच येऊ लागलंय. आईची भाषा पहिल्यांदाच समजली असावी.

नवरा हसायला गेला आणि खोकला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी आम्हा दोघांना ओढतच आत घेतलं, ब्लँकेटात गुंडाळलं, घमेल्यात कोमट पाणी आणलं. माझे हात त्यात बुडवले तेव्हा बोटांत सुया टोचल्यासारखं झालं आणि मी ओरडले. मग त्यांनी मुलाचे हात बुडवले. तो ओरडला नाही. ते त्यांनी पाहिलं.

"दुखत नाही तुला?"

"थोड्या वेळाने दुखतं."

"रोज होतं हे?"

"रोज नाही. वारा असला की."

त्या घमेल्याशी बसून राहिल्या. त्याची बोटं एकेक करून चोळत होत्या, जणू मोजून बघत होत्या सगळी आहेत का. चुकलं, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांच्याकडून तशी अपेक्षाही नव्हती. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "झोप येते गाडीवर?"

"कधी कधी."

"मग?"

"मग गाणी म्हणतो."

"गाणी म्हणतो!" त्यांनी त्याचा हात पाण्यात आपटला. पाणी माझ्या तोंडावर उडालं. "अरे, दारू असती तर बरं झालं असतं. दारूचं काय करायचं ते मला येत होतं. कडी लावली की झालं. ह्याचं काय करू मी?"

लेक घमेल्यात बोट घालून "थंई, थंई" करत होती. पाणी चांगलं कोमट होतं.

रविवारी सासूबाई ताईकडे गेल्या नाहीत. पिशवी तशीच कोपऱ्यात राहिली. मग त्यातली त्यांची शाल बाहेर आली, नवऱ्याच्या जाकिटाखाली बसेल अशी कापून त्यांनी ती शिवली. मी हँडलला बांधायला जाड रेक्झिनचे पडदे करून आणले, पंजे झाकणारे. तो म्हणाला, ह्याने खूप फरक पडेल. तो काहीही आणून दिलं की असंच म्हणतो.

सोमवारी तो अंधारातच निघाला. आम्ही दोघी खिडकीच्या आत उभ्या होतो. बाहेर वारा होता, गल्लीतला पत्रा वाजत होता. त्याने किक मारली. इंजिन घरघरलं आणि विझलं. परत मारली. परत विझलं. थंडीने ते धरत नव्हतं. तो खाली उतरला, चोक बघितला, पुन्हा बसला. तिसरी, चौथी. सासूबाईंनी माझ्या मनगटाभोवती हात घट्ट केला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. नको सुरू होऊ, मी मनात म्हणत होते. आजचा दिवस तरी नको.

गाडी सुरू झाली.