यादीत ‘हीच’ लिहिलं होतं

मी एक जुना कॉम्प्युटर बोलतोय. मला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, माउस नाही. चपलांच्या कपाटावर भिंतीला पाठ लावून मी उभा असतो. मागे दोन वायरी, एक विजेची, एक इंटरनेटची. माझा आवाज फ्रिजपेक्षा कमी आहे. घरी येणारे मला इन्व्हर्टर समजतात. एका पाहुण्याने तर माझ्यावर हेल्मेट ठेवलं होतं, आणि जाताना तो ते विसरून गेला होता.

माझ्या पोटात दोन डिस्क आहेत. दोन्हींवर एकच सामान आहे, जसंच्या तसं. ते एका माणसाचं आहे. तो माणूस आता नाही. मी त्याला कधी पाहिलं नाही.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यात हजारो झाले, त्यातला मी एक. पहिली नऊ वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेली, तक्रारींच्या टेबलाखाली. तिथल्या बाई थंडीत चपला काढून पाय माझ्या बाजूला टेकवत, कारण तिथून गरम हवा यायची. लोक स्क्रीनकडे बघून बोलायचे आणि काम अडलं की शिव्या मला द्यायचे. मला त्याचं काही वाटलं नाही. मग एके दिवशी लहान, पातळ मशिनं आली. माझ्या कपाळावर एक नंबर चिकटवला गेला आणि तीस जणांबरोबर मी टेम्पोत चढलो.

टेम्पो एका सेकंडहँड मालाच्या दुकानापाशी थांबला. दुकान एका बाईचं होतं. अंबाड्यात पेन खोचायची तिला सवय होती, आणि पुष्कळदा पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर असायचा. तिने माझं झाकण काढून फुंकर मारली, म्हणाली, “अजून दहा वर्षं कुठे जात नाहीस तू,” आणि मला रॅकवर ठेवलं. तिथे मी चार महिने होतो.

ते दोघे आले तेव्हा सकाळ होती. एक उंच म्हातारे गृहस्थ आणि एक तिशीतली बाई. सासरे आणि सून. सासऱ्यांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या आणि आता ते निवृत्त होते. सून चष्म्यांच्या दुकानात नंबर काढायची. दिवसभर लोकांना विचारायची, आधी बरं दिसत होतं की आता?

“काय हवंय?” दुकानवालीने विचारलं.

“माझा नवरा गेला,” सून म्हणाली. एखाद्याने आपला पत्ता सांगावा तसं ती म्हणाली. “त्याचे फोटो, व्हिडिओ, सगळं ऑनलाइन ठेवलेलं आहे. पैसे भरले नाहीत म्हणून ते तीस दिवसांत पुसणार आहेत. चार दिवस झाले.”

“मग पैसे भरून टाका की.”

“खातं त्याच्या नावावर. फोन नंबर बंद झालाय, त्यावर ओटीपी येत नाही. कागदपत्रं पाठवली. ‘आपली विनंती मिळाली’ एवढंच उत्तर येतं. त्याच्या लॅपटॉपवर ते उघडतं अजून. पण लॅपटॉप भरलेला आहे.”

दुकानवालीने दोन स्टुलं पुढे ओढली. सासऱ्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद काढला. विजेच्या बिलाची मागची बाजू होती. त्यावर त्यांच्या मुलाने स्वतःच्या हाताने यादी केली होती. घरीच सामान साठवायचं एक मशीन बनवायचं त्याच्या मनात होतं. रस्त्यांची मोजणी करायची नोकरी, त्यामुळे वेळ मिळत नव्हता. यादी झाली, मशीन राहिलं. मग एका सकाळी तो कामावर गेला आणि तिथेच छातीत कळ येऊन कोसळला. याला सात महिने झाले होते.

सासरे यादी वाचू लागले. “जुनं ऑफिसचं मशीन, मोठ्या खोक्याचं, दोन डिस्क मावल्या पाहिजेत. रॅम जुनी चालेल. पॉवर सप्लाय नवा. सिस्टिमसाठी वेगळी छोटी डिस्क, स्वस्तातली. ग्राफिक्स कार्ड नको. बाबांनी विचारलं तरी नको.”

दुकानवाली हसली आणि लगेच थांबली. ते दोघे हसले नव्हते.

“पोराला समजत होतं,” ती म्हणाली. “खोक्यात पैसे वाचवा, प्रोसेसरमध्ये वाचवा. फायली सांभाळायला घोडा लागत नाही, बैल पुरतो. पण पॉवर सप्लायमध्ये वाचवू नका. तो बिघडला तर सगळ्यांना घेऊन जातो.”

“बरोबर आहे,” सासरे म्हणाले. “लिफ्टमध्ये आरसा नसला तरी चालतं. ब्रेक लागतो.”

“आणि डिस्क दोन का सांगितल्यात ते ठाऊक आहे ना? एक गेली तर दुसरी.”

“ठाऊक आहे. एका दोरावरही लिफ्ट वर जाते. आम्ही चार लावतो.”

मग ते यादीच्या शेवटच्या ओळीवर आले. तिथे एका डिस्कचा मॉडेल नंबर होता, पुढे ‘दोन नग’, आणि त्याच्यापुढे एकच शब्द. हीच. शब्दाखाली दोन रेघा.

“ही बंद झाली वर्षभरापूर्वी,” दुकानवाली म्हणाली. “दुसऱ्या आहेत. सतत चालणारी डिस्क हवी, एवढं बघायचं. तेव्हा ही स्वस्त मिळत असेल म्हणून त्याने लिहिली असेल.”

“त्याने खाली दोनदा रेघ मारलीय,” सासरे म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी मला घेतलं, रॅम घेतली, पॉवर सप्लाय आणि छोटी डिस्क घेतली. मोठ्या डिस्क घेतल्या नाहीत.

घरी सासऱ्यांनी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली आणि मला पूर्ण खोललं. त्यांचे हात फार चांगले होते. त्यांनी माझा जुना पंखा कानाशी धरून फिरवला, “बेअरिंग गेलंय,” म्हणाले, आणि नवा आणून बसवला. नऊ वर्षांची धूळ ब्रशने काढली. दोन दिवसांत मी तयार होतो. फक्त आतले दोन कप्पे रिकामे होते.

त्यानंतर ते रोज सकाळी दहाला यादी घेऊन बाहेर पडत आणि दुपारी परत येत. सगळीकडे एकच उत्तर होतं. बंद झाली, दुसरी घ्या. एका दुकानात एक नग सापडला, पण दोन हवे होते म्हणून तोही त्यांनी आणला नाही.

“कुठलीही चालेल ना, बाबा?” सुनेने पाचव्या की सहाव्या दिवशी विचारलं.

“त्याने विचार करून लिहिलं असेल.”

“तोवर साधी एखादी आणू का? निदान फोटो उतरवून घ्यायला सुरुवात होईल.”

“दोनदा काम कशाला? पुलापलीकडे दोन दुकानं राहिलीत. उद्या मिळेल.”

“बरं,” ती म्हणाली.

ती सगळ्यांना बरं म्हणायची. बँकेतून फोन आला की बरं, शेजारीण डबा देऊन गेली की बरं, आईने फोनवर चार दिवस येऊन राहा म्हटलं की बरं, आणि जायची नाही. तिला कशाने काही होत नव्हतं. मला वाटतं आम्ही दोघं तेव्हा सारखेच होतो. चालू होतो, पण आत काही बसवलेलं नव्हतं.

असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी सून जेवणाच्या सुट्टीत घरी आली. पिशवीतून तिने दोन डिस्क काढल्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. माझं झाकण तिनेच काढलं. सासरे आले तेव्हा ती दुसरी डिस्क बसवत होती.

“ही ती नाही,” ते म्हणाले.

“नाही.”

“आणि दोन्ही वेगळ्या.”

“एकाच दिवशी बनलेल्या असल्या तर एकदम जाऊ शकतात, असं त्या दुकानवाल्या बाई म्हणाल्या.”

यादी त्यांच्या हातातच होती. मग ती त्यांनी पिशवीत घालून खिशात ठेवली, चष्मा लावला आणि वाकून बघितलं. “स्क्रू तिरका बसलाय,” म्हणाले. “आण इकडे.”

तीसपैकी सतरा दिवस संपले होते.

त्याच दुपारी सुनेने लॅपटॉप मला जोडून त्यावर ‘सगळं उतरवा’ दाबलं आणि ती कामावर परत गेली. आधी नुसते फोल्डर आले, बारा वर्षांचे, महिन्यामहिन्यांचे, सगळे रिकामे. मग एकेक भरू लागला, पण फार सावकाश, कारण घरचं इंटरनेट हळू होतं. कुठून सुरुवात करायची हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी सगळ्यात जुन्यापासून सुरुवात केली. मला तारखांचा क्रम कळतो. माणसांचा क्रम वेगळा असतो, हे मला ठाऊक नव्हतं.

तिसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, सामान यायचं थांबलं. लॅपटॉपवर खातं बंद झाल्याची ओळ आली. तो ज्या वर्षी गेला त्या वर्षाचे जानेवारी आणि फेब्रुवारी माझ्याकडे आले होते. मार्च ते नोव्हेंबर आले नव्हते. नोव्हेंबरात तो गेला.

सून स्क्रीनकडे बघत होती. सासरे गॅलरीत कपडे वाळत घालत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, “आलं का सगळं?”

“आलं.”

“सगळं?”

“हो बाबा. सगळं.”

तिने लॅपटॉपचं झाकण लावलं आणि ओट्याशी जाऊन डाळ धुवायला घेतली.

त्या माणसाला एक सवय होती. कुठलीही वस्तू खोलायच्या आधी तो तिचा व्हिडिओ काढायचा, परत जोडताना चुकू नये म्हणून. त्यामुळे माझ्याकडे माणसांपेक्षा मिक्सर, नळ आणि कुलपं जास्त आहेत. चेहरा त्याचा फारसा दिसत नाही. आवाज मात्र आहे. “हा लांब स्क्रू डावीकडचा. पिवळी वायर खाली. बाबा, हात जरा बाजूला घ्या, दिसत नाहीये.” सासरे रोज दुपारी टीव्हीवर हे लावून बसत. पहिल्या वर्षापासून, एकही न गाळता. सून घरी आली की ते बंद करत. तिने कधी काही उघडलं नाही.

चार महिन्यांनी ते शेवटच्या वर्षापाशी आले. जानेवारी बघितला, फेब्रुवारी बघितला. मार्च उघडला. एप्रिल उघडला. असे नऊ फोल्डर उघडले आणि मग पहिल्यापासून पुन्हा एकदा उघडले. मी प्रत्येक वेळी ‘काही नाही’ असंच दाखवलं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

दारात किल्लीचा आवाज आला तेव्हा त्यांनी टीव्ही बंद केला.

“काय बघत होता?” सुनेने चपला काढत विचारलं.

“काही नाही. गॅलरीच्या दाराची कडी बसवली होती ना त्याने, ते.”

“सापडलं?”

“हो. सगळं आहे.”

त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, एका दुपारी, दोघं मिळून चादरी घडी करत होते. ती या टोकाला, ते त्या टोकाला, आणि मी बाजूला.

“बाबा, एक सांगायचं होतं,” ती म्हणाली. “त्यात शेवटचे नऊ महिने नाहीत.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“झाले पंधरा-वीस दिवस.”

“बोलला नाहीत.”

“तू म्हणाली होतीस सगळं आलं. म्हटलं, मग आलं.”

त्यांनी टोकाला टोक लावलं, चादर निम्मी केली, पुन्हा निम्मी केली.

“अकरा दिवस मी फिरत बसलो,” ते म्हणाले. “तू म्हणत होतीस साधी आणू म्हणून.”

“नुसतं म्हणत होते. आणली नाही.”

“मी आणू दिली नसती.”

“नसती दिली. तरी आणायला हवी होती.”

ती पलंगाच्या कडेवर बसली. घडी केलेली चादर तिच्या मांडीवरच होती. “काय असेल हो त्यात?”

ते बोटांवर महिने मोजू लागले. “मार्चमध्ये त्याने माझं घड्याळ खोललं होतं.”

“हो. एप्रिलमध्ये आपण कुठेच गेलो नाही. मेमध्ये माझ्या भावाकडे. तिथला पंखा.”

“जूनमध्ये गीझर.”

“गीझर जुलैत, बाबा. जूनमध्ये माझी शिवणाची मशीन.”

“बरोबर. ऑगस्ट?”

ती म्हणाली, “ऑगस्टचं काही आठवत नाही.”

“मलाही नाही,” ते म्हणाले.

दोघांनी बराच वेळ आठवून पाहिलं. ऑगस्ट आठवला नाही. मग सप्टेंबरकडे कुणीच गेलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी उरलेल्या चादरींच्या घड्या केल्या. ती रडली नाही. पण जेवताना तिने विचारलं, “कडी बसवतानाचा तो व्हिडिओ खरंच आहे का?” ते हो म्हणाले. तिने तो लावायला सांगितला आणि ताट हातात धरून पूर्ण बघितला. दोन मिनिटं चाळीस सेकंद. मग म्हणाली, “आवाज थोडा वाढवा,” आणि पुन्हा बघितला.

त्याला आता वर्ष होत आलं. सासऱ्यांनी एक तिसरी डिस्क आणली, कुठल्या कंपनीची ते त्यांनी बघितलंही नाही. तिच्यावर सगळं उतरवून ती सुनेच्या आईच्या घरी ठेवली आहे. ते नऊ फोल्डर अजून माझ्याकडे आहेत. रिकामे आहेत, पण पुसायला कुणी सांगितलं नाही. मी रोज पहाटे माझं सगळं सामान तपासतो. त्यांचाही नंबर येतो. त्यांच्यात काही नाही, याची मी नोंद करतो आणि पुढे जातो.

त्या दोघांना माझी एक विनंती आहे. माझं वय झालंय. कधीतरी मी चालू होणार नाही. त्या दिवशी घाबरू नका, आणि माझ्यासारखाच दुसरा मिळावा म्हणून दुकानं पालथी घालत बसू नका. माझे चार स्क्रू काढा, दोन्ही डिस्क बाहेर घ्या आणि हाताशी असेल त्या खोक्यात बसवा. मी तुमच्यासाठी फक्त जागा धरून उभा होतो. त्याचा आवाज डिस्कवर आहे, माझ्यात नाही. मला भंगारात द्या. मला काही वाटणार नाही.