ओहोटीला तपासलेल्या खिडक्या

सुनिल पाण्याला भितो, हे तलासरीत कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. नाक्याजवळ त्याचं अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचं दुकान होतं. बंगल्यांना, दवाखान्यांना, एका शाळेलाही त्याने खिडक्या बसवल्या होत्या, आणि यातलं काहीच हलत नाही. बोट हलते. खाडीत नुसती बांधून ठेवली तरी हलते, आणि ती हलली की सुनिलच्या पोटात कालवायला लागतं. म्हणून किनाऱ्यावरच्या झाईच्या रामनाथ तांडेलांच्या जुन्या बोटीचं काम आलं तेव्हा त्याने एक शहाणपणा केला. तो रोज ओहोटीची वेळ बघून जायचा. पाणी उतरलेलं, बोट खाडीच्या चिखलात म्हशीसारखी बसलेली. शिडी लावायची, वर चढायचं, काम करायचं आणि भरती लागायच्या आत खाली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आपण म्हणतो. याचा बैल रिकामा राहिला असता तरी चाललं असतं. तो दुसऱ्याच्या शेतात शिरला.

हे दुसऱ्याचं शेत म्हणजे लाहू. लाहू आणि सुनिल दोघेही उधव्याचे, एकाच पाड्यावरचे. लाहू रामनाथच्या बोटीवर खलाशी होता. त्याआधी तो पाड्यावरच्या इतर गड्यांसारखा तिकडे गुजरातेत वेरावळच्या बोटींवर जायचा. एकदा गेला की आठ-नऊ महिने घराचं तोंड नाही. तो असाच तिकडे असताना त्याच्या बायकोला, शुक्रीला, पहिलं मूल झालं आणि जन्मताच गेलं. लाहूला ते चार दिवसांनी कळलं. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला होता, की आता बोट करायची तर झाईची. झाईची बोट आठवड्याच्या आत परत येते, माणूस घरी जेवतो. आता शुक्रीला पुन्हा दिवस होते, आणि दिवाळीच्या आगेमागे ती मोकळी होणार होती.

बोटीचं काम सुनिलला मिळालं तेही लाहूमुळेच. केबिनच्या दोन्ही अंगांच्या सरकत्या खिडक्या दोन वर्षं गळत होत्या. "पाऊस आला का तांडेलाला छत्री धरून सुकाणू फिरवायला लागतं," असं लाहू हसत सांगायचा. रामनाथ डहाणूहून कुणाला तरी बोलावणार होते, तेव्हा लाहू मध्ये पडला. "शेठ, आमच्या पाड्यावरचा पोऱ्या हाय. खिडकीत त्याचा हात कुणी धरणार नाय."

सुनिलने काम मन लावून केलं, हे त्याचे वैरीसुद्धा कबूल करतील. काचा उतरवल्या, कडक झालेलं रबर ओरबाडून काढलं, नवं बसवलं. खालच्या पन्हळीतला, म्हणजे ज्या खाचेतून काच सरकते तिच्यातला, कित्येक वर्षांचा मीठ-मातीचा थर खरवडला. तेव्हा त्याला पन्हळीच्या मागच्या टोकाला, इंजिनाकडच्या बाजूला, दोन भोकं दिसली. कडा खाल्लेल्या, पांढरी पूड धरलेल्या. झालं, सापडला चोर! सुनिलने ती भोकं सिलिकॉनने ठासून बुजवली. खिडकीत शिरलेलं पाणी बाहेर जायला वाट लागतेच, हे त्याला ठाऊक होतं, तो काही अडाणी नव्हता. त्याने पन्हळीत बादलीभर पाणी ओतलं. चिखलात बसलेल्या बोटीचं नाक खाली झुकलेलं होतं, पाणी पुढच्या टोकाला गेलं. तिथे त्याने ड्रिलने नवी भोकं पाडली. पुन्हा पाणी ओतलं, सगळं बाहेर. आत एक थेंब नाही. रामनाथने त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की हातातला पाना पडला.

आषाढी अमावास्येच्या मोठ्या भरतीला बोट खाडीच्या खोल पाण्यात ओढली. नारळी पौर्णिमेनंतर निघायचं म्हणून नवी बॅटरी चढवली, मासे दाखवणारं नवं मशीन केबिनमध्ये बसवलं. राखणीला लाहू बोटीवरच झोपायचा. मग दोन दिवस असा पाऊस लागला की खाडीचा दुसरा काठ दिसेना. तिसऱ्या दिवशी रामनाथ बोटीवर गेले तर केबिनमध्ये घोटाभर पाणी आणि मशीन मेलेलं.

"खिडकी उघडी ठेवलीस," रामनाथ म्हणाले.

"नाय शेठ. लावलेली."

"तंबाखू थुंकायला उघडतोस, मी बघितलंय. परवाच नवीन रबर टाकलं, पाणी काय माझ्या नशिबातनं आलं?"

लाहू तंबाखू खायचा ही गोष्ट खरी होती, आणि एक खरी गोष्ट हाताशी असली की माणूस तिला दहा खोट्या चिकटवतो. 'उतर माझ्या बोटीवरून!' हा रामनाथचा आवाज काठावरच्या सगळ्यांनी ऐकला. लाहू आपली गोधडी काखेत घेऊन उतरला आणि उधव्याच्या जीपची वाट बघत बसला.

दुसऱ्या दिवशी सुनिलला रामनाथचा फोन आला. "तुझं काम चांगलंच आहे रे, पण एकदा नजर टाकून जा. आणि आजच ये, भरती-ओहोटी बघत बसू नकोस."

सुनिल आयुष्यात पहिल्यांदा लहान होडीत बसून बोटीपर्यंत गेला. दोन्ही हातांनी होडीची कड धरली होती, डोळे मिटावेत की उघडे ठेवावेत हे कळत नव्हतं. रामनाथ काठावर जाळ्यांपाशी थांबले. केबिनमध्ये शिरल्यावर सुनिलच्या लक्षात पहिली गोष्ट आली ती म्हणजे जमीन मागे उतरती होती. चिखलात नाक खाली घालून बसणारी बोट पाण्यात मात्र इंजिनाच्या ओझ्याने ढुंगण टेकून बसली होती. खिडकीच्या पन्हळीत पावसाचं पाणी साचलं होतं, सगळं मागच्या टोकाला. त्याने पाड‌लेली नवी भोकं पुढे उंचावर, कोरडी ठणठणीत. आणि मागे, जिथे जुन्या कारागिराने विचार करून भोकं ठेवली होती, तिथे त्याच्या सिलिकॉनचे दोन पांढरे गोळे.

त्याने तांब्याभर पाणी ओतलं. पन्हळ भरली, काठावरून आत सांडली आणि जिथे मशीन होतं बरोबर तिथे धार लागली. खिडकी पूर्ण बंद होती.

सुनिलची कानशिलं तापली. बोट हलत होती, ते त्याच्या ध्यानातही राहिलं नाही. त्याने सुरी काढली, गोळे उकरून काढले, भोकं ड्रिलने मोकळी केली, दुसऱ्या अंगाचीही तशीच केली. पाणी ओतलं तर भळाभळा बाहेर गेलं. उकरलेलं सिलिकॉन त्याने खिशात घातलं. पाण्यात टाकलं तर तरंगेल, कुणी बघेल, असं त्याच्या मनात आलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

काठावर रामनाथने विचारलं, "सापडलं काही?"

सांगायचं असं ठरवूनच तो होडीतून उतरला होता. तोंड उघडलं, आणि शब्द भलतेच आले. "कडी जरा ढिली होती. बदलली."

"म्हणजे लावली तरी सरकून उघडली असणार! गड्याला एवढं कळू नये? आता माझ्या चुलतभावांच्या चार बोटी आहेत, त्यांच्या खिडक्याही तूच कर. पुनवेच्या आत होतील ना?"

"होतील," सुनिल म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोराला वर चार बोटींचं काम! परतताना वाटभर तो स्वतःला समजावत होता. आत्ता नाही, आधी ही कामं होऊ देत. पुनवेला रामनाथकाका खुशीत असतील, तेव्हा सांगू. लाहू काय, चार दिवस घरी बसेल. भाताची लावणीही उरलीच असेल. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं हे चाललं होतं, आणि दूध त्याला गोड लागत नव्हतं.

दोन दिवसांनी लाहूच दुकानात आला. बाकावर बसला नाही, दारातच उकिडवा टेकला.

"तांडेल तुझं ऐकतो," तो म्हणाला. "तू एकदा बघ ना सुन्या, पाणी कुठनं येतं ते. खिडकी मी लावलेली. शुक्री रोज विचारते, आता कुठं जाशील? वेरावळचा मुकादम पाड्यावर येऊन बसलाय. मी अजून हो बोललो नाय."

सुनिल काच कापत होता. त्याने मान वर केली नाही. आत्ता सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं. पण कारागीर मागे उभा होता, एक गिऱ्हाईक बसलं होतं, आणि उद्या झाईला दुसऱ्या बोटीवर जायचं होतं. "बघतो," तो म्हणाला. "पुनवेला मी जाणारच आहे. काकांशी बोलतो."

"बोल," लाहू म्हणाला आणि उठला. जाताना त्याने दुकानाच्या काचेवर लागलेला आपल्या हाताचा ठसा सदऱ्याने पुसला. सुनिलने त्या दिवशी दोन काचा चुकीच्या कापल्या आणि कारागिरावरच खेकसला.

पौर्णिमेला झाईच्या खाडीवर जत्राच होती. बोटींना पताका, नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, हार, बायका नव्या लुगड्यांत. रामनाथच्या बायकोने, बकुळाकाकूंनी, बोटीला हळद-कुंकू लावलं, रामनाथने दर्याला नारळ दिला. मग काकूंनी सुनिलच्या हातावर नारळीभात ठेवला. "तुझ्या हाताला यश आहे बाबा. परवा एवढा पाऊस झाला, केबिन कोरडी. नाहीतर त्या लाहूनं घातच केला होता."

घास सुनिलच्या तोंडात फिरत राहिला. तो गिळताही येईना आणि देवाचा प्रसाद म्हणून टाकताही येईना. कसाबसा गिळून तो रामनाथपुढे जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांदेखत बोलून गेला. "काका, घात मी केला. पाणी जायची भोकं मीच बुजवली होती. बोट चिखलात असताना तपासली, पाण्यात कशी बसते ते बघितलंच नाही. खिडकी लावलेलीच होती. कडीचं मी खोटं सांगितलं."

रामनाथने त्याच्याकडे पाहिलं. शिव्या येतील म्हणून सुनिल थांबला होता, आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तांडेल खालच्या आवाजात म्हणाले, "अरे, त्याची जागा मी अजून भरली नाही. रागात बोललो होतो. आज येईल, उद्या येईल, दोन शब्द ऐकवीन आणि चढवीन बोटीवर, असं म्हणत होतो. तो आला का नाही?"

सुनिलला उत्तर माहीत होतं. लाहू स्वतः आला नव्हता, कारण 'मी बोलतो' असा शब्द सुनिलने दिला होता.

"जा," रामनाथ म्हणाले. "घेऊन ये त्याला. उद्या सकाळच्या भरतीपर्यंत मी थांबतो."

सुनिलने मोटरसायकल अशी हाणली की तलासरीच्या नाक्यावर दुकान मागे पडलेलंही त्याला कळलं नाही. उधव्याच्या पाड्यावर पोचला तेव्हा शुक्री अंगणात तांदूळ पाखडत होती. नवं पोतं दाराशी उभं होतं. ते पाहूनच त्याला कळायला हवं होतं.

"लाहू कुठे आहे, वहिनी?"

"गेला ना, सकाळी. मुकादमाची जीप आलेली. त्याची उचल घेऊन माझ्यासाठी तांदूळ भरला नि गेला. तू उभा का? बस." तिने सूप बाजूला ठेवलं आणि पोटावर हात ठेवून सावकाश उठली. "बरं झालं तू आलास दादा. जाताना तो बोलला, तुझे दिवस भरले का सुन्याला हाक मार. त्याच्याकडं गाडी हाय, तो रातचा पण येईल. आपल्या माणसांत तोच एक भरवशाचा हाय."

सुनिल बसला नाही. उभ्याउभ्याच त्याने तिला सगळं सांगितलं. भोकं, सिलिकॉन, कडीचं खोटं, दुकानात दिलेला शब्द, आणि रामनाथ अजून थांबले आहेत हेही.  त्याचं संपल्यावर शुक्रीने घरात जाऊन फोन आणला, बटणं दाबली, कानाला लावून बघितला. लागला तसा त्याच्यापुढे धरला. "मला सांगून काय व्हायचं? त्याला सांग."

पलीकडे आगगाडीचा खडखडाट होता. "शुक्रे?"

"लाहू, सुनिल बोलतो."

"सुन्या? तू घरी कसा? शुक्री बरी हाय ना?"

"बरी आहे. उतर तू, लाहू. पुढच्या टेसनावर उतर. तांडेल तुला घेतो म्हणाले."

"आता कसा उतरू? उचल खाल्ली. मुकादम समोर बसलाय."

"लाहू, पाणी माझ्यामुळे आलं. मागची भोकं मी बुजवली होती. खिडकी तू उघडी ठेवली नव्हतीस."

 लाहू म्हणाला, "ते मला माहीत हाय. त्या टोकाकडनं पाणी सांडताना मी रातभर बघितलं, गोधडीनं टिपत होतो. तांडेलाला नाय बोललो. तुझं बोटीचं पहिलंच काम, चार लोकांत तुझं नाव जाईल. म्हटलं तुलाच सांगू, तू बघशील. तुला ठाऊक नसंल असं वाटलं." गाडीने शिटी दिली. "तुला कधी कळलं?"

शुक्री समोर उभी होती आणि त्याच्याच तोंडाकडे बघत होती. तिला पलीकडचं ऐकू येत होतं की नाही, कुणास ठाऊक. काल कळलं, आज कळलं, असं काहीही म्हणता आलं असतं.

"तू दुकानात आलास," सुनिल म्हणाला, "त्याच्या आधी."

खडखडाट चालू होता. फोन कटला असं वाटून सुनिलने तो कानाला आणखी दाबून धरला.

"शुक्रीला दे फोन," लाहू म्हणाला.