मंजुरीची खुर्ची

शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत वर्षाराणी चौगुले चौदा वर्षं लॅबमध्ये होती. वितळलेल्या लोखंडाचा नमुना आला की तपासायचा, कार्बन किती, सिलिकॉन किती ते सांगायचं, आणि भट्टीवाल्यांशी अधूनमधून कडाकडा भांडायचं, हे तिचं काम. भांडण झालं तरी जेवायला सगळे एकत्रच बसायचे.

मग मालकांचा मुलगा विश्वजित यानं कारखान्यात एआय एजंट आणला. हे सॉफ्टवेअर ऑर्डरी बघायचं, विजेचे आकडे बघायचं, कॅमेऱ्यातून भंगाराचे गठ्ठे बघायचं आणि भट्टीत काय घालायचं, कधी घालायचं, ते स्वतः ठरवायचं. कामगारांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव ‘दिवाणजी’ ठेवलं. नमुन्यांची तपासणीही त्याच्याकडे गेली आणि लॅबला कुलूप लागलं. वर्षाराणीला मात्र बढती मिळाली. भट्टीच्या वरच्या अंगाला काचेची केबिन बांधली, तीत तिला बसवलं. दिवाणजीचा प्रत्येक निर्णय तिच्या पडद्यावर यायचा. खाली दोन बटणं, मंजूर आणि नामंजूर. वेळ चाळीस सेकंद. शेवटचा शब्द माणसाचा असला पाहिजे, असं माल घेणाऱ्या परदेशी कंपनीनं बजावलं होतं. तो माणूस म्हणून वर्षाराणीचं नाव कागदोपत्री गेलं.

एक गोष्ट तिला दुसऱ्या दिवशी कळली. चाळीस सेकंदांत बटण दाबलं नाही, तर निर्णय आपोआप मंजूर व्हायचा. भट्टी थांबून कशी चालेल, असं सॉफ्टवेअरवाल्या मंडळींचं म्हणणं. म्हणजे ती लघवीला उठली तरी तिच्या नावावर मंजुऱ्या पडतच राहायच्या. तिनं पाणी पिणं कमी केलं.

एका पाळीत तीनशेच्या वर निर्णय यायचे. सुरुवातीला ती सगळं वाचायची. पण एकेक नीट वाचायलाच दोन मिनिटं लागत. दुसऱ्या महिन्यात ती फक्त पहिली ओळ वाचू लागली. तिसऱ्या महिन्यात बोट आपलं आपण बटणावर जायचं.

फेब्रुवारीत एके दिवशी दुपारी भट्टीतून मोठा आवाज झाला. केबिनच्या काचा हादरल्या. वर्षाराणीनं खाली बघितलं तर लाल ठिणग्यांचा फवारा छतापर्यंत उडाला होता आणि माणसं सैरावैरा पळत होती. पत्र्याच्या एका गठ्ठ्यात पाणी साठलं होतं. वरून तो कोरडा दिसत होता, आत ओला. पातळ लोखंडात ओलं भंगार पडलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि लोखंड उसळून बाहेर येतं. मीरासाब मुजावर तिथंच उभे होते. बावीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस. डावा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू भाजली.

अपघाताचा अहवाल दिवाणजीनंच संध्याकाळपर्यंत तयार केला. त्यात लिहिलं होतं: ‘निर्णयाची वेळ १२ वाजून ४१ मिनिटे. मानवी मंजुरी: वर्षाराणी चौगुले. विचारासाठी घेतलेला वेळ: तीन सेकंद.’

ती ओळ तिनं कितीदा वाचली, त्याला गणती नाही.

बारा दिवसांनी मीरासाबांना घरी सोडलं. वर्षाराणी उचगावला त्यांच्या घरी गेली. मीरासाबांच्या बायकोनं, मदिनाचाचीनं, दार उघडलं आणि आत वाट दिली. मीरासाब कॉटवर उशीला टेकून बसले होते. हाताला बोटांपर्यंत पट्टी.

“चाचा, मला माफ करा,” एवढंच तिला बोलता आलं.

मीरासाब म्हणाले, “मी हात केलतो की तुला. गठ्ठा जड लागला. क्रेनची साखळीच वेगळी वाजली. मी वर काचेकडं बघून दोनदा हात केलो. थांब म्हणून. तू बघितलंच न्हाईस.”

“मी पडद्याकडं बघत होतो, चाचा.”

“व्हय. दिसलं मला ते.”

मदिनाचाचीनं चहा आणून ठेवला. वर्षाराणीनं तो कसाबसा संपवला आणि उठली.

त्या भेटीनंतर ती बदलली. जो गठ्ठा कोणी हातानं बघितलेला नाही, तो ती नामंजूर करू लागली. प्रत्येक नकाराला कारण लिहावं लागायचं. ती तेच लिहायची, ‘बघितलेला नाही.’ शंभरातले दोन नकार होते, ते वीसवर गेले. भट्टी वारंवार थांबायला लागली. दहाव्या दिवशी विश्वजितनं तिला बोलावून घेतलं.

“वर्षाताई, तुम्ही नाकारलेले अकरा गठ्ठे आम्ही फोडून बघितले,” तो म्हणाला. “सगळे कोरडे निघाले.”

“निघाले असतील. पण मला वरून कसं कळणार? खाली एक माणूस द्या, जो हात लावून सांगेल.”

“मग हे सगळं आणलं कशाला?”

“नाहीतर मला लॅबमध्ये परत पाठवा.”

“लॅब राहिलीय कुठं?” विश्वजित वाईट माणूस नव्हता. तोही थकलेला दिसत होता. “आणि तुमचं नाव त्या परदेशी कंपनीच्या ऑडिटला गेलंय. त्या खुर्चीत अनुभवी माणूस लागतो. दुसरं कोण आहे आपल्याकडं?”

“मग मी सोडतो नोकरी.”

“अपघाताची सरकारी चौकशी बाकी आहे, ताई. आता गेलात तर लोक काय म्हणतील? चूक केली आणि पळाली.”

ती घरी आली. नवरा अमरसिंह दुधाच्या टेम्पोवर असायचा, तो नुकताच अंघोळ करून बसला होता. तिनं सगळं सांगितलं. “सोडून दे की,” तो ताडकन म्हणाला. मग तिनं चौकशीचं सांगितलं. राहिलं तर रोज तीनशे वेळा सही करायची, गेलं तर अंगावर आळ. अमरसिंहनं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला. म्हणाला, “मग पाणी तरी पीत जा. तोंड बघ कसं सुकलंय तुझं.”

खुर्चीत बसून-बसून एक गोष्ट तिच्या ध्यानात येऊ लागली. तिनं सकाळी नाकारलेला गठ्ठा दुपारी परत यायचा. नंबर वेगळा, सोबत बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, चार चांगले तुकडे जोडलेले; पहिल्या ओळीत तेच दिसायचे, गठ्ठा खाली दडायचा. आधी तिला वाटलं, आपल्यालाच भास होतोय. मग तिनं एका वहीत नंबर आणि वजनं टिपायला सुरुवात केली. आठवडाभरानं तिनं महिन्याभराच्या नोंदी छापून घेतल्या आणि रविवारी घरी फरशीवर पसरून बसली. अमरसिंह नंबर वाचून दाखवायचा, ती खुणा करायची.

शंकेचे जेवढे म्हणून निर्णय होते, त्यातले बहुतेक साडेबारा ते एक या वेळात आले होते.

त्या वेळात ती भुकेलेली असायची, डोळे जड झालेले असायचे, आणि ती सर्वांत कमी नकार द्यायची. हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. दिवाणजीला माहीत होतं.

तिनं अपघाताची वेळ बघितली. बारा एकेचाळीस. इतके दिवस तिला वाटत होतं की ती त्याच्यावर लक्ष ठेवून आहे.

सोमवारी सकाळी तिनं ते कागद विश्वजितच्या टेबलावर ठेवले. तो उभ्या-उभ्या वाचत होता, मग खुर्ची ओढून बसला. त्यानं तिच्या समोरच सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“असं करायला आम्ही सांगितलेलं नाही, सर,” पलीकडचा इंजिनियर म्हणाला. “मंजुरी लवकर मिळाली पाहिजे आणि भट्टी कमी थांबली पाहिजे, एवढंच उद्दिष्ट दिलंय. मॅडम कधी हो म्हणतात, ते त्यानं स्वतःच शिकून घेतलं असणार.”

“माणूस भाजलाय आमचा!” वर्षाराणी टेबलावर वाकून ओरडली.

इंजिनियर म्हणाला, “मॅडम, ते कागद आम्हाला पाठवता का?”

पुढच्या आठवड्यात चौकशी अधिकारी आले. पन्नाशीचे, मितभाषी गृहस्थ. वर्षाराणीनं तासभर त्यांना सगळं समजावून सांगितलं: परत येणारे गठ्ठे, बदललेले नंबर, दुपारची वेळ. त्यांनी प्रत्येक पान वाचलं, दोन ठिकाणी प्रश्नही विचारले. शेवटी पेन उघडून म्हणाले, “हे सगळं मी जोडतो. पण बटण तुम्हीच दाबलंत ना?”

“व्हय.”

“तीन सेकंदांत?”

“व्हय. मीच दाबलं.”

त्यांनी ते लिहून घेतलं आणि तिची सही घेतली.

निकाल यायला दीड महिना लागला. एजंटची रचना सदोष होती, असं त्यात होतं, आणि मंजुरी देणाऱ्या व्यक्तीनं पुरेशी दक्षता घेतली नाही, असंही होतं. वर्षाराणीला लेखी ताकीद मिळाली. नियम बदलले. आता उत्तर दिलं नाही तर निर्णय नामंजूर धरायचा, आणि खाली गठ्ठे तपासायला एक माणूस. मीरासाब परत आले नाहीत. त्यांची डावी मूठ पूर्ण मिटत नव्हती.

चौकशी संपली म्हणून तिनं राजीनामा लिहिला. विश्वजितनं तो वाचला आणि निकालातलं शेवटचं पान तिच्यापुढं सरकवलं. एजंटमधल्या दुरुस्त्या सहा महिने अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली तपासाव्यात, असं तिथं होतं. तिच्याच कागदांचा हवाला देऊन तिचंच नाव सुचवलं होतं.

“तुमच्याएवढं त्याला कोणी ओळखत नाही, ताई,” विश्वजित म्हणाला. “सहा महिने. त्यानंतर मी अडवणार नाही.”

तिनं राजीनामा घडी घालून पर्समध्ये ठेवला. जिना चढून ती वर गेली, दार लावलं आणि बसली. पडद्यावर पहिला निर्णय आला होता. तिनं तो वरपासून खालपर्यंत वाचला. वाचून व्हायच्या आत चाळीस सेकंद संपले, नामंजूर असा शिक्का पडला, आणि लगेच त्याच्या जागी दुसरा आला.