पिवळी की कॅलमकडची

इनव्हर्नेसच्या हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा राजीव पाहुण्यांच्या चादरी दोरीवर टाकत होता. सुलक्षणा गेल्याचं नर्सने सांगितलं. फोन ठेवून त्याने उरलेल्या चादरी टाकल्या, चिमटे लावले आणि मग मँचेस्टरला मुलीला, अन्वीला, फोन केला. तो २००६ चा जून होता.

ऑक्टोबरात त्याने शेडमधली बर्फावर चालणारी गाडी, स्नोमोबिल, सुरू करून पाहिली. इंजिन कायमचं जाम झालं होतं, नवीच गाडी घ्यावी लागणार होती. त्यांचं गेस्टहाऊस डोंगरात, रस्त्यापासून दोन मैल आत. बर्फ पडला की दूध आणायचं, पाहुणे आणायचे, ते या पिवळ्या गाडीवरूनच. ती नसली तर हिवाळाभर घराला कुलूप.

त्याच आठवड्यात कॅलमचं पत्र आलं. वीस वर्षांत चारही गाड्या त्यांनी एल्गिनजवळच्या कॅलमच्या वर्कशॉपमधून घेतल्या होत्या. पाकिटावर राजीव आणि सुलक्षणा, दोघांची नावं होती. पिवळ्या गाड्यांची एजन्सी त्याच्याकडून गेली होती, आता तो दुसऱ्या कंपनीच्या लाल गाड्या विकणार होता. शेवटी लिहिलं होतं, ‘तुम्हाला पिवळीच हवी असेल तर पर्थच्या शोरूममध्ये मिळेल. संकोच करू नका. दुरुस्ती मी करीनच.’

“बाबा, पिवळीच घे,” अन्वी फोनवर म्हणाली. “आई दुसऱ्या गाडीवर बसली तरी असती का? डीलर काय, बदलतात.”

“हं.”

“नाहीतर सरळ इकडे राहायला ये. दारात ट्राम आहे.”

“मला चालवायला देणार आहेत का ती?”

अन्वीचं म्हणणं खोटं नव्हतं. स्नोमोबिलच्या हँडलला एक दांडी असते, ती अंगठ्याने दाबली की वेग वाढतो. सुलक्षणाचा अंगठा संधिवाताने धरलेला, तरी ती राजीवपेक्षा सफाईने चालवायची. सगळं श्रेय कंपनीला. ‘बोट टेकवलं की पळते,’ असं प्रत्येक पाहुण्याला ऐकवायची.

राजीव पर्थला गेला. नव्या पिवळीवर बसून त्याने दांडी दाबली. तिसऱ्यांदा दाबताना त्याचाच अंगठा दुखला.

“फार घट्ट आहे ही.”

“कंपनीकडून अशीच येते, सर. आधीपासून.”

“आमची नव्हती.”

विक्रेता अदबीने हसला.

राजीव घरी न जाता एल्गिनला गेला. कॅलम एका ट्रॅक्टरखालून बाहेर सरकला.

“आलास? मला वाटलं, शोरूममधली फुकटची कॉफी पिऊन तिकडचाच झालास.”

“प्यायलो. पाणचट होती.” राजीव थांबला. “कॅलम, आमच्या गाडीची दांडी तू बदलली होतीस?”

कॅलमने फडक्याला हात पुसले. स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिला.

“पहिल्या सर्व्हिसला ती अंगठा चोळताना दिसली. दांडी लांब केली की जोर कमी लागतो. मग दर गाडीला घडवत गेलो. वर काळा रंग, कंपनीचीच वाटावी म्हणून.”

“बिलात कधी लिहिलं नाहीस.”

“लिहिलं असतं तर तिने वाचलं असतं. तिला मदत चालते का? एकदा तिची पिशवी उचलली, तर डोळे वटारले माझ्यावर.”

राजीवला हसू आलं. वीस वर्षं ती या माणसासमोर उभी राहून कंपनीचं कौतुक करायची आणि हा मान डोलावायचा. त्या जाड, भाजल्याचे डाग पडलेल्या बोटांकडे राजीव पाहत राहिला. असं काम त्याला स्वतःला जमलं नसतं. काम कदाचित जमलं असतं, गप्प राहणं नाही.

“लाल दे,” तो म्हणाला.

“नक्की? घरी विचारलंस का?”

राजीवने तोंड उघडलं. तोवर कॅलम खण उघडून पुठ्ठ्याचा एक तुकडा शोधून काढत होता. त्यावर पेन्सिलीने अंगठ्याचं माप काढलेलं होतं.

“शनिवारपर्यंत तिच्यासाठी बसवून ठेवतो. तू तेवढं तोंड बंद ठेव म्हणजे झालं.”

“बरं,” राजीव म्हणाला.

शनिवारी कॅलमने लाल गाडी ट्रेलरवर चढवून दिली. सुलक्षणा गेली हे त्याला सांगायचं अजून राहिलं आहे.