पुढच्या सीटवरची साक्ष

इंग्रजी शिकवणं वेगळं आणि इंग्रजीचा गृहपाठ करून घेणं वेगळं, हे मी पालकांना पहिल्याच दिवशी सांगून टाकते. शिकवायला शाळा आहे. माझ्याकडे मुलं येतात ती शाळेत शिकवलेलं डोक्यावरून गेलं म्हणून. आठवी ते दहावीची पोरं, माझ्याच हॉलमध्ये दोन लांब टेबलं, एक फळा आणि दारात बुटांचा ढीग. त्या ढिगावरून माझे आणि शेजारणीचे दर आठवड्याला खटके उडतात.

माझी पद्धत साधी आहे. कळलं तर उत्तम, नाही कळलं तर पाठ करा. लोक त्याला घोकंपट्टी म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांची मुलं नापास होऊन माझ्या दारात आली की मग त्यांनाही घोकंपट्टी गोड लागते. पेपरात हमखास येणारे निबंध मी स्वतः लिहून ठेवले आहेत. ‘माझी आई’मधल्या आईचे केस पांढरे आहेत, मग पोराची आई पस्तिशीची का असेना. ‘सहल’मध्ये डबा नेहमी माकड पळवतं. ‘मी पाहिलेला अपघात’मध्ये रस्त्यावर संत्री गडगडतात. परीक्षकाच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं पाहिजे, असं मी मुलांना सांगते. मी स्वतः आयुष्यात एकही अपघात पाहिलेला नाही, पण ते कोण विचारतंय.

माझ्याकडे नववीतली एक मुलगी येते, तिला सगळे गोगलगाय म्हणतात. हळू लिहिते, हळू बोलते, काही विचारलं की मान आत. मुलं ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ म्हणून चिडवायची, पण तिच्या पोटात काही नव्हतं. तिला इंग्रजीची भीती होती, एवढंच. मात्र पाठांतरात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. जेवताना, चालताना, पायऱ्या उतरताना तिचे ओठ हलत असायचे. शाळेच्या बसमध्येसुद्धा ती पुढच्या सीटवर बसून पुटपुटत असते, असं बसवाल्याने मला एकदा हसत हसत सांगितलं होतं.

त्या बसवाल्याला सगळी मुलं बसकाका म्हणतात. माझ्या बिल्डिंगसमोरच त्याचा थांबा, त्यामुळे तोंडओळख होती. भला माणूस वाटायचा. मग एका दुपारी औषधाच्या दुकानाच्या वळणावर त्याच्या बसखाली एक आजोबा आले. जिवावरचं खुब्यावर निभावलं, पण खुबा असा मोडला की ते पुन्हा चालतील का, हे डॉक्टरही सांगेनात. आजोबांना काहीच आठवत नव्हतं. रस्ता सामसूम होता. बाकीची मुलं उतरून गेली होती, बसमध्ये उरली होती एकटी गोगलगाय, पुढच्या सीटवर.

बसकाकाचं म्हणणं होतं की ब्रेक लागला नाही आणि ब्रेक नरम असल्याचं त्याने गॅरेजमध्ये आधीच सांगितलं होतं. गॅरेजवाले म्हणाले, आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. आणि गोगलगाय म्हणाली की काका फोनमध्ये बघत होते.

तिने हे आधी आईला सांगितलं, मग शाळेत, मग बसच्या कंपनीतल्या माणसाला. कंपनीने बसकाकाला घरी बसवलं आणि चौकशी ठेवली. चौकशीत दोष ठरला तर नोकरी जाणार होती, लायसन्सही जाणार होतं, आणि पन्नाशीच्या ड्रायव्हरला लायसन्सशिवाय कोण उभं करणार? हे सगळं मला माहीत होतं आणि मला त्याची जराही दया आली नाही. हातात स्टिअरिंग आणि डोळे फोनवर, अशा माणसांची मला भयंकर चीड आहे. तो एकदा माझ्या दाराशी येऊन म्हणालाही, “मॅडम, माझा फोन डब्याच्या पिशवीत होता. पोरीला एकदा नीट विचारा.” मी त्याला उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावलं. पोर खोटं कशाला बोलेल, असं वर सुनावलं.

चौकशी घेणाऱ्या साहेबांना आपली भाषा येत नव्हती. मुलीने इंग्रजीत सांगितलं तर बरं, असा निरोप आला. तिची आई शिवणकाम करते. हातात अर्धवट शिवलेला ड्रेस तसाच घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, तुम्हीच हिची तयारी करून घ्या, ताई. मी काय, एका पायावर तयार. माझी विद्यार्थिनी साहेबासमोर इंग्रजीत बोलणार होती. बहिणीला फोन करून सांगून झालं, शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगून झालं.

तयारीची फार गरजच पडली नाही. मी तिला टेबलाशी उभं केलं आणि म्हटलं, घडलं तसं सांग, क्रमाने सांग, सगळं भूतकाळात. ती डोळे मिटून बोलायला लागली आणि मी थक्क झाले. एरवी दोन वाक्यांत चार चुका करणारी पोर, पण कुठे अडखळणं नाही की काळ चुकणं नाही. मी एका ठिकाणी उच्चार सुधारला. दुसऱ्यांदा म्हणून घेतलं तेव्हा तर मी फळा पुसत पुसतच ऐकलं. इतक्या वर्षांत माझ्या कानाला सवयच लागली आहे, चूक आली की तो जागा होतो आणि चूक नसली की झोपतो.

कंपनीचं ऑफिस गॅरेजच्या वरच्या मजल्यावर होतं. खालून टायरला हवा भरण्याचा फुसफुसाट येत होता आणि खोलीत डिझेलचा वास बसला होता. काच लावलेलं टेबल, त्यापलीकडे साहेब, अलीकडे प्लास्टिकच्या खुर्च्या. बसकाका इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. गुंड्या वरपर्यंत लावलेल्या. हात कुठे ठेवावे हे त्याला कळत नव्हतं, कधी मांडीवर, कधी खुर्चीखाली. गोगलगायीची आई मागे बसली आणि मी मुलीच्या शेजारी.

साहेब म्हणाले की ड्रायव्हरला इंग्रजी समजत नाही, त्याच्यावर काय आरोप होतोय ते त्याला कळायला हवं, तो त्याचा हक्क आहे. तर मॅडम, मुलगी जे सांगेल ते तुम्ही एकेक वाक्य त्याला आपल्या भाषेत सांगा. मी मान डोलावली. मनात म्हटलं, बरं झालं, माझ्याच तोंडून ऐकू दे त्याला.

गोगलगायीने डोळे मिटले आणि पहिलं वाक्य बोलली. मी बसकाकाकडे बघून सांगितलं, “ती म्हणते, त्या दिवशी आकाश निरभ्र होतं आणि मी घरी चालले होते.” दुसरं वाक्य. “एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत रस्ता ओलांडत होते.” तिसरं. “ड्रायव्हरचं रस्त्याकडे लक्ष नव्हतं. तो फोनमध्ये बघत होता.” बसकाकाने खाली मान घातली. साहेब लिहून घेत होते. मी जोरात होते.

मग ती पुढचं वाक्य बोलली आणि मी ते आपल्या भाषेत सांगायला तोंड उघडलं.

“त्यांच्या हातातली पिशवी फाटली आणि संत्री रस्त्यावर गडगडली.”

बसकाकाने मान वर केली. “संत्री?” तो म्हणाला. “कुठली संत्री, मॅडम?”

त्या खोलीत मी एकटीच होते जिला ती संत्री कुठली ते माहीत होतं. ती मी घेतली होती. माझ्या स्वयंपाकघरात बसून, चहा पिता पिता, कितीतरी वर्षांपूर्वी मी ती त्या पिशवीत भरली होती. निरभ्र आकाश माझं, काठी माझी, आणि ड्रायव्हर तर पूर्णच माझा. पूर्वी तो सिगरेट पेटवत असायचा. मग जमाना बदलला म्हणून मीच त्याची सिगरेट काढून घेतली आणि त्याच्या हातात फोन दिला. फळ्यावर खोडून बदल केला होता, मुलांनी वहीत केला होता.

इंग्रजीत ते सगळं मी आदल्या दिवशी दोनदा ऐकलं होतं आणि मला त्यात फक्त क्रियापदं ऐकू आली होती. आपल्या भाषेत म्हटल्याबरोबर कळलं की आपण एका माणसावर आळ घेतोय.

मुलगी थांबली नव्हती. वाक्यामागे क्षणभर थांबणं तिला जमतं, पण जास्त थांबली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. ती सांगत होती की लोक जमेपर्यंत ड्रायव्हर आपल्या जागेवरून हलला नाही. ती सांगत होती की मी धावत जाऊन त्यांना पाणी पाजलं आणि त्यांनी मला आशीर्वाद दिला. साहेब भराभर लिहीत होते. मला वाटलं, गप्प बसावं. कुणाला कळणार होतं? माझ्या मुलांशिवाय तो निबंध कुणाला येतो? हो, हे माझ्या मनात आलं, आणि आलं ते चांगलं रेंगाळलं. मग मला बसकाकाचे हात दिसले. ते आता खुर्चीची कड धरून होते.

मी हात पुढे करून गोगलगायीचा हात दाबला. ती दचकून थांबली. मी तिला आपल्या भाषेत विचारलं, “बाळा, हा निबंध आहे ना?”

तिने डोळे उघडले. माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काहीतरी अवघड प्रश्न विचारलाय.

“क्रमाने सांग म्हणालात ना, टीचर.”

“संत्री होती का तिथे?”

ती विचारात पडली. खरंच पडली, नाटक नव्हतं. “मला दिसतात,” ती म्हणाली. “डोळे मिटले की दिसतात.”

ही पोर खोटं बोलत नव्हती. खोटं बोलायलाही थोडं खरं माहीत असावं लागतं. मी आवाज शक्य तेवढा खाली आणला आणि म्हटलं, ते राहू दे. धडक बसली तेव्हा तू काय बघत होतीस?

मागे तिच्या आईची खुर्ची कुरकुरली. गोगलगायीची मान नेहमीसारखी आत गेली. खाली कुणीतरी हवेचा पंप बंद केला तेव्हा कुठे तिचा आवाज ऐकू आला.

“काही नाही. मी खाली बघत होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही निबंध म्हणून घेणार होतात, तो पाठ करत होते. आवाज आला आणि डोकं आपटलं. मग सगळे एकदम विचारायला लागले, काय पाहिलंस, काय पाहिलंस. मला तेच आलं.”

तिची आई म्हणाली, “अगं, मग सांगायचं नाहीस का?” पण पोर कुणाला सांगणार होती? आम्ही दोघींनी तर तिची तयारी करून घेतली होती.

साहेबांनी पेन उचलून विचारलं, मुलगी काय म्हणाली? ते इंग्रजीत सांगायचं काम माझंच होतं. सांगितलं. आयुष्यात इतकं अडखळत मी कधी इंग्रजी बोलले नसेन. साहेबांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग विचारलं की हा निबंध कुणी लिहून दिला? शाळेने? मी म्हटलं, मी. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या मुलांना तो येतो. हवं तर कुणालाही बोलवा, फोनही सापडेल आणि संत्रीही सापडतील.

लिहिलेल्या पानावर साहेबांनी आडवी रेघ मारली आणि मला म्हणाले, ड्रायव्हरला म्हणावं, पुन्हा सांग. पहिल्यापासून.

बसकाकाला सांगता येत नव्हतं. क्रम तर नव्हताच. आधी ब्रेक, मग एकदम गॅरेजवाले, मग पुन्हा वळण, वाक्य अर्धं सोडून दुसरं. मी जसं येईल तसं सांगत गेले, एकही वाक्य सरळ केलं नाही. पायाखालचा ब्रेक तळाला गेला तरी बस थांबेना, तेव्हा त्याने ती फुटपाथवर चढवली, तरी आजोबांना धक्का लागलाच. उतरून आजोबांचं डोकं मांडीवर घेतलं. आजोबांना दुखत असेल, पण ते त्याला एकच गोष्ट सांगत होते, की माझी एक चप्पल कुठाय, ती आधी बघ.

“म्हणून मी बसखाली शिरलो,” तो म्हणाला. “नंतर मलाच हसू आलं की अशा वेळी चप्पल काय शोधत बसलोय. पण ते सारखं म्हणत होते. चप्पल काही सापडली नाही.”

मी ते साहेबांना सांगत होते, एवढ्यात शेजारून आवाज आला. अगदी हळू, आणि या वेळी तिचे डोळे उघडे होते.

“निळी होती,” गोगलगाय म्हणाली. “टायरच्या मागे. काका दुसऱ्या बाजूला शोधत होते.”