लाकडी हत्यार, एक नग

मुद्देमालाच्या खोलीतल्या कारकुनाला सगळं कोर्ट ‘कुलूप’ म्हणे, आणि ते का, हे थोरलीला पाच मिनिटांत कळलं. तिच्या हातात कोर्टाचा हुकूम होता, शेजारी धाकटा भाऊ होता, तरी हा पठ्ठ्या जागचा हलेना.

एकतीस वर्षांपूर्वी धरणाच्या मोजणीवाल्यांची बोट थोरलीच्या लोकांनी नदीत अडवली, तेव्हा पोलिसांनी बारा माणसं आणि एक वल्हं उचललं. बारापैकी नऊजण तारखांचे हेलपाटे खात खात मेले. उरलेल्या तिघांना गेल्या महिन्यात निर्दोष सोडलं. एवढी मेहेरबानी करायला कायद्याला एकतीस वर्षं लागली!

त्याच वल्ह्याने त्यांचे मेलेले लोक पलीकडच्या बेटावर पुरायला नेले जात. दुसरं चालत नाही. म्हणून तेव्हापासूनचे सगळे मुडदे अलीकडच्या काठावर तात्पुरते पुरून ठेवलेले. गेल्या साली त्यांत आईची भर पडली. “मला इथे ठेवू नकोस गं,” असं ती थोरलीचा हात धरून सांगून गेली होती.

“कुठंय ते?” थोरलीने विचारलं.

कुलपाने हनुवटीने दाखवलं. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला लावलेला टेकू म्हणजेच ते वल्हं. पात्याला चिठ्ठी लोंबत होती: लाकडी हत्यार, एक नग. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“हुकुमात लिहिलंय, मालकाला परत करावं,” कुलूप म्हणाला. “मालक कोण?”

“कोणी नाही,” धाकटा म्हणाला. “वल्हं आमचं नाही साहेब, आम्ही वल्ह्याचे.”

“वा! फॉर्मात तसा रकाना नाही.”

“मग सगळ्यांच्या वतीने मी सही करतो.”

“सगळे म्हणजे कोण? नोंदणी आहे? शिक्का आहे? नाही ना? मग एकच माणूस. आणि खाली शपथेवर ही ओळ, की माझ्याशिवाय यावर कोणाचाही हक्क नाही. जमत नसेल तर बेवारस माल आम्ही उद्या जाळतो. जागा अडते.”

धाकट्याने फॉर्म टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला. त्यांच्यात वल्ह्याला जो ‘माझं’ म्हणेल, त्याने ते पुन्हा शिवायचं नसतं, ते ज्या नावेत असेल तिच्यात बसायचं नसतं, आणि मेल्यावर ते त्याला नेतही नाही. आजवर असं म्हणायला कोणाची जीभ धजावली नव्हती. चोरांचीसुद्धा नाही.

“चल ताई,” धाकटा म्हणाला. “वकिलाला विचारू.”

“वकील काय, उद्या आगीत उडी घेणार आहे?”

तिने पेन उचललं.

“ताई, नको.”

“आईला कोण नेणार मग? तू पोहत नेणार?”

तिने सही केली. कुलूप म्हणाला, “ओळ वाचून दाखवा. मोठ्याने. शपथ आहे.” या माणसाच्या सात पिढ्यांना मनातल्या मनात शिव्या घालत तिने ती वाचली. हे माझं आहे. माझ्याशिवाय यावर कोणाचाही हक्क नाही. धाकटा तिच्याजवळून सरकला आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला.

कुलपाने टेकू काढला. दार धाडकन आपटलं. त्याने वल्हं तिच्यापुढे धरलं.

“माझंय ना?” ती म्हणाली. “मग मी सांगते, याच्या हातात द्या.”

“मालकीणबाईंचा हुकूम!” कुलूप हसला.

बाहेर धाकट्याने अंगातला शर्ट काढून वल्हं त्यात गुंडाळलं आणि टेम्पोत पुढच्या सीटवर आडवं ठेवलं. थोरली सवयीने दाराशी गेली.

“तू बसने ये,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

“आईला कधी?”

“सकाळी.”

“काठावर उभी राहू ना?”

“राहा. जरा लांब.” त्याने किल्ली फिरवली, पुन्हा बंद केली. “तू गेल्यावर तुझं काय करायचं गं आम्ही?”

थोरलीने दार बाहेरून नीट लावून दिलं.

“त्या कुलपाला बोलव,” ती म्हणाली. “सांग, मालकीण बेवारस पडलीय, घेऊन जा.”